आद्य प्रकाश आणि अंगणातील धूळ

१

सन १९६५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ ह्या नियतकालिकात आर्नो पेंझिअस आणि रॉबर्ट विल्सन ह्या दोन संशोधकांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. न्यू जर्सी राज्यातील होल्मडेल येथे बेल टेलिफोन प्रयोगशाळेने उभारलेल्या प्रचंड शिंगाकृती अँटेनात त्यांस एक अखंड गुणगुण आढळत होती. तिचे मूळ शोधण्यासाठी त्यांनी यंत्राचे सांधे तपासले, शिंगात घरटे करून राहिलेली कबुतरे हुसकून लावली, त्यांची विष्ठा धुऊन काढली. तरी गुणगुण जाईना. अखेर ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर सुमारे साडेतीन अंश केल्विन तपमानाचे प्रारण आकाशाच्या सर्व भागांतून येत आहे, एवढीच नोंद करून ते थांबले. तिचा अर्थ प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अंकातील दुसऱ्या टिपणात उलगडून दाखविला. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाश माणसाच्या हाती लागला तो असा.

पेंझिअस व विल्सन ह्यांनी ह्या प्रारणाला तीन विशेषणे लावली होती. ते सर्व दिशांनी सारखे आहे, ऋतुमानाप्रमाणे ते बदलत नाही आणि ते अध्रुवित आहे. हे सारे आपल्या मापनाच्या मर्यादेत, अशी पुस्तीही त्यांनी प्रामाणिकपणे जोडली होती. ती पुस्ती किती सार्थ होती हे पुढे कळून आले. सर्व दिशांनी सारख्या भासणाऱ्या ह्या प्रारणात लाखात एक भागाइतका उंचसखलपणा आहे, हे १९९२ साली ‘कोबी’ उपग्रहाने दाखविले. आणि ‘अध्रुवित’ हे तिसरे विशेषण खोटे ठरावयास १९६५ पासून तब्बल ३७ वर्षे लागली.

ह्या तिसऱ्या विशेषणाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. त्यात मोठी यंत्रे आहेत, दक्षिण ध्रुवावरचे लांब हिवाळे आहेत आणि साऱ्या जगापुढे झालेली एक फसगतही आहे. परंतु ह्या कथेत पुनःपुन्हा रंगभूमीवर येणारे पात्र कोणते म्हणाल, तर ते धूळ. विश्वाच्या टोकाकडून येणारा प्रकाश आपल्याच आकाशगंगेच्या अंगणातून आपल्या दारी येतो आणि ह्या अंगणात धूळ आहे. तिला आद्य प्रकाश समजण्याचा मोह आणि तिला धूळ म्हणण्याचे धैर्य, ह्या दोहोंमधील झगडा हाच ह्या इतिहासाचा गाभा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२

ध्रुवण म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहिले पाहिजे. प्रकाश हा तरंग आहे आणि त्याचे कंपन त्याच्या गतीच्या दिशेला काटकोनात होते. सामान्य प्रकाशात ही कंपने सर्व बाजूंना सारखी विखुरलेली असतात. ती एकाच दिशेत अधिक झाली की प्रकाश ध्रुवित झाला असे म्हणतात. सन १८०८ मध्ये पॅरिस येथे एत्येन लुई मालू ह्या फ्रेंच अभियंत्याने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आइसलँडमधील स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरविताच एक प्रतिमा मंद होते व दुसरी उजळते, हे त्याच्या ध्यानी आले. काचेवरून परतताना प्रकाशाला दिशा लाभली होती. आपल्या डोक्यावरच्या निळ्या आकाशाचा प्रकाशही ध्रुवित असतो, हे त्यानंतर लवकरच आरागो ह्याने दाखविले. सूर्याचा किरण हवेच्या रेणूवर आपटून काटकोनात वळला, की त्याच्या कंपनाला एक दिशा प्राप्त होते.

जे हवेच्या रेणूकडून होते तेच मोकळ्या इलेक्ट्रॉनकडूनही होते. पूर्वेकडून वा पश्चिमेकडून येणारा किरण इलेक्ट्रॉनवर आपटून आपल्याकडे वळला, तर तो दक्षिणोत्तर कंपन घेऊन येतो. दक्षिणेकडून वा उत्तरेकडून येणारा पूर्वपश्चिम कंपन घेऊन येतो. चारही बाजूंचा प्रकाश सारखा असेल तर दोहोंची बरोबरी होऊन हाती काहीच लागत नाही. मात्र पूर्वपश्चिम बाजू थोड्या अधिक तप्त आणि दक्षिणोत्तर बाजू थोड्या थंड असल्या, तर पारडे एकीकडे झुकते आणि ध्रुवण शिल्लक राहते. तेव्हा ध्रुवण ही विषमतेची खूण होय.

विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे होईपर्यंत ते मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या दाट धुक्याने भरलेले होते. प्रकाश क्षणोक्षणी कोणत्या ना कोणत्या इलेक्ट्रॉनवर आपटत होता आणि इतक्या आघातांत दिशेची आठवण राहणे शक्य नव्हते. पुढे विश्व निवत गेले, इलेक्ट्रॉन अणूंत बांधले गेले, धुके विरळ होऊन फिटले. त्या फिटण्याच्या वेळी प्रकाशाचा जो शेवटचा आघात झाला, त्याचीच खूण ध्रुवणाच्या रूपाने उरली. प्रारणातील उंचसखलपणाच मुळात लाखात एक भागाचा; त्याचाही जेमतेम दहावा हिस्सा ध्रुवित. म्हणजे तीन अंशांहून कमी तपमानाच्या प्रारणात दशलक्षांशाने मोजावयाचा हा फरक. तो शोधावयाचा म्हणजे समुद्राच्या गाजेत कुजबूज ऐकण्याचा प्रकार होता.

३

पण ह्या कथेचा पहिला अंक पार्श्वप्रारणाचा शोध लागण्याच्याही आधी होऊन गेला आहे आणि त्याचा नायक एक भारतीय आहे. लाहोर येथे १९१० साली जन्मलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ पासून शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत काम करीत होते. अतितप्त ताऱ्यांच्या वातावरणात मोकळे इलेक्ट्रॉन विपुल असतात. त्यांवर आपटून बाहेर पडणारा प्रकाश किती ध्रुवित असेल, हा प्रश्न त्यांनी घेतला आणि १९४६ मध्ये त्याचे काटेकोर गणिती उत्तर दिले. ताऱ्याच्या बिंबाच्या मध्यावर ध्रुवण शून्य आणि अगदी कडेला सुमारे ११.७ टक्के, असे ते उत्तर होते. संपूर्ण बिंबाचा प्रकाश एकत्र पाहिला तर सर्व बाजूंचे ध्रुवण एकमेकांना छेदून नाहीसे होणार, हे उघड आहे. म्हणून त्यांनी सुचविले की एकमेकांस ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांकडे पाहावे. एका ताऱ्याने दुसऱ्याचे बिंब झाकून केवळ कड उरली, की हे ध्रुवण प्रकट होईल.

ही सूचना घेऊन विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल हे दोन अमेरिकन निरीक्षक कामाला लागले. प्रारंभी दोघे मिळून व नंतर स्वतंत्रपणे वेध घेऊन त्यांनी आपले निष्कर्ष फेब्रुवारी १९४९ मध्ये ‘सायन्स’ ह्या साप्ताहिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध केले. ताऱ्यांच्या प्रकाशात ध्रुवण सापडले होते आणि ते अपेक्षेहून कमीही नव्हते. चंद्रशेखरांचे भाकीत खरे ठरले, असे जाहीर करण्याचा मोह कोणासही झाला असता. परंतु ग्रहण लागो वा सुटो, ध्रुवणात फरक पडत नव्हता. शिवाय ज्यांना जोडीदार नाही अशा आसपासच्या ताऱ्यांचा प्रकाशही तसाच ध्रुवित होता. हे ध्रुवण ताऱ्याचे नसून ताऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या वाटेवर उत्पन्न झालेले आहे, हे दोघांनी ओळखले. आंतरतारकीय अवकाशात धुळीचे लांबट कण आहेत, आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते एका धोरणाने उभे राहतात आणि आपल्यातून जाणाऱ्या प्रकाशाला दिशा देतात, असा त्याचा उलगडा पुढे झाला.

चंद्रशेखरांचे भाकीत ह्या धुळीआड गेले. अल्गॉल ह्या प्रसिद्ध जोडताऱ्याच्या ग्रहणात ते जेम्स केम्प व सहकाऱ्यांनी पाहिले ते १९८३ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. आणि अत्यंत वेगाने स्वतःभोवती फिरून चपटा झालेल्या मघा ताऱ्याच्या एकूण प्रकाशात त्याच सिद्धांताची खूण २०१७ साली सापडली. तथापि चंद्रशेखर स्वतः ह्या धुळीवर रुसून बसले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिकागोतच असलेल्या एन्रिको फेर्मी ह्यांच्या जोडीने त्यांनी १९५३ मध्ये ह्या धूळजन्य ध्रुवणाच्या दिशा किती विस्कळित आहेत ते पाहिले आणि त्यावरून आकाशगंगेच्या बाहूंतील चुंबकीय क्षेत्राचे बळ काढले. ते सुमारे ७ मायक्रोगौस, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या ७०,००० व्या हिश्श्याच्या आसपास आले. जी धूळ त्यांच्या भाकिताच्या आड आली होती तीच त्यांनी मोजपट्टी म्हणून हाती घेतली. ही रीत आजही त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

४

पार्श्वप्रारणाच्या ध्रुवणाचा प्रश्न केंब्रिजच्या मार्टिन रीस ह्यांनी १९६८ साली प्रथम मांडला. विश्वाचे प्रसरण एका दिशेत अधिक व दुसऱ्या दिशेत कमी असेल, तर हे प्रारण ध्रुवित असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विश्व तसे एकांगी नाही हे पुढे दिसून आले. परंतु विषमता असेल तेथे ध्रुवण असणार, हे सूत्र टिकले. १९७० नंतरच्या दोन दशकांत अनेकांनी शोध घेतला. बर्कली येथील फिलिप लुबिन व जॉर्ज स्मूट ह्यांची मापने त्यांत प्रमुख होती. प्रत्येक शोधाचे फलित एकच असे, की ध्रुवण असेल तर ते अमुक मर्यादेहून कमी आहे. नकारांची ही मालिका वाचावयास रुक्ष वाटते. परंतु प्रत्येक नकाराने यंत्र एक पायरी सूक्ष्म होत गेले.

इकडे सिद्धांतपक्षही स्वस्थ नव्हता. आकाशभर पसरलेल्या ध्रुवणाच्या आकृतींचे दोन प्रकार पडतात, हे १९९७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. एका गटात कामिओन्कोव्स्की, कोसोव्स्की व स्टेबिन्स होते. दुसऱ्यात सेल्याक व झाल्डारियागा. पहिल्या प्रकारात ध्रुवणाच्या रेषा एखाद्या बिंदूकडे रोखलेल्या किंवा त्याभोवती वर्तुळाकार मांडलेल्या असतात, जशा रांगोळीच्या कमळातील पाकळ्या. ही आकृती आरशात पाहिली तरी तशीच दिसते. दुसऱ्या प्रकारातील रेषा वावटळीप्रमाणे उजवीकडे वा डावीकडे वळलेल्या असतात आणि आरशात त्यांचे वळण उलटते. पहिल्याला ‘ई’ व दुसऱ्याला ‘बी’ अशी नावे आहेत. आद्य विश्वातील द्रव्याच्या उंचसखलपणातून पहिला प्रकार उपजतो. दुसरा त्यातून थेट उपजत नाही. त्याला अवकाशाचेच हेलकावे, म्हणजे गुरुत्वीय तरंग लागतात. विश्वाने आपल्या पहिल्या निमिषाच्या अत्यल्प अंशात अचाट वेगाने प्रसरण केले, ही ‘स्फीती’ची कल्पना अ‍ॅलन गूथ ह्यांनी १९८१ मध्ये मांडली होती. ती खरी असेल तर असे तरंग उठले असले पाहिजेत आणि त्यांचे ठसे ‘बी’ आकृतीत सापडले पाहिजेत. एवढी मोठी आशा ह्या नाजूक आकृतीवर लागून राहिली.

पहिला प्रकार प्रथम हाती लागला. दक्षिण ध्रुवावरील अमुंडसेन-स्कॉट तळावर शिकागो विद्यापीठाच्या जॉन कार्लस्ट्रॉम ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘डासी’ नावाची १३ अँटेनांची दुर्बीण उभी होती. तेथे हिवाळ्यात सहा महिने सूर्य उगवत नाही, हवा अत्यंत कोरडी असते आणि प्रारण शोषून घेणारी वाफ जवळजवळ नसते. ह्या दुर्बिणीने २००१ व २००२ सालांत आकाशाच्या दोन लहानशा तुकड्यांवर दृष्टी खिळवून ठेवली. सप्टेंबर २००२ मध्ये शिकागो येथील परिषदेत ध्रुवण सापडल्याची घोषणा झाली आणि डिसेंबरमध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात जॉन कोव्हॅक ह्या तरुण संशोधकाचे नाव अग्रभागी असलेला प्रबंध प्रसिद्ध झाला. ‘ई’ प्रकार स्पष्ट दिसत होता. ‘बी’ प्रकाराचा पत्ता नव्हता आणि तो त्या सूक्ष्मतेवर असावयासही नको होता. चंद्रशेखर १९९५ साली निवर्तले होते. पण इलेक्ट्रॉनवर आपटलेल्या प्रकाशाच्या ध्रुवणाचे गणित ज्या विद्यापीठात त्यांनी केले, त्याच विद्यापीठाच्या दुर्बिणीने विश्वाच्या आरंभीच्या इलेक्ट्रॉनांची ही खूण वाचली, हा योगायोग सुखद आहे.

५

येथे डॉ. जयंत नारळीकर ह्यांचे स्मरण होणे क्रमप्राप्त आहे. कोल्हापुरास जन्मलेले आणि वडील विष्णू वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असल्यामुळे काशीत वाढलेले हे मराठी गणिती केंब्रिजला जाऊन फ्रेड हॉइल ह्यांचे शिष्य व सहकारी झाले. विश्वाला आरंभक्षण होता ही कल्पना गुरुशिष्यांना मान्य नव्हती. पार्श्वप्रारण सापडल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की आरंभ नसेल तर हा प्रकाश आला कोठून? त्याचे त्यांनी दिलेले उत्तर होते धूळ. ताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर फेकलेल्या लोहाच्या वाफेपासून अतिसूक्ष्म सुयांसारखे कण बनतात आणि ते ताऱ्यांचा प्रकाश शोषून तो सूक्ष्मतरंगांच्या रूपाने परत देतात, असे चंद्रा विक्रमसिंघे व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मांडले. हॉइल व जेफ्री बर्बिज ह्यांच्यासह १९९३ साली सिद्ध केलेल्या विश्वप्रतिमानातही ह्या सुयांना महत्त्वाचे स्थान होते.

हे मत बहुसंख्य शास्त्रज्ञांस पटले नाही आणि ध्रुवणाच्या पुराव्यानंतर ते टिकवून धरणे अधिकच कठीण झाले. आरंभीच्या तप्त द्रवात ध्वनीच्या लाटा उठत होत्या, असे महास्फोटाचा सिद्धांत मानतो. तपमानाचा उंचसखलपणा लाटेच्या दाटीविरळीवर आणि ध्रुवण तिच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे एकाची शिखरे जेथे येतात तेथे दुसऱ्याच्या दऱ्या आल्या पाहिजेत. ‘डासी’ने, मग ‘डब्ल्यूमॅप’ उपग्रहाने आणि शेवटी ‘प्लांक’ उपग्रहाने हा मेळ अधिकाधिक स्पष्टपणे दाखविला. लोहाच्या सुयांपासून असा मेळ उपजण्यास काही कारण दिसत नाही. धुळीला आद्य प्रकाशाच्या जागी बसविण्याचा हा प्रयत्न निसर्गाने नाकारला.

परंतु त्याबरोबर दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नारळीकरांनी पुण्यात १९८८ साली स्थापन झालेली ‘आयुका’ ही संस्था संचालक म्हणून नावारूपास आणली आणि त्याच संस्थेत तरुण सौरदीप ह्यांच्यासारख्या संशोधकांनी पार्श्वप्रारणाच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. ‘प्लांक’च्या कामातही तिचा वाटा होता. संस्थापकाच्या मताला प्रतिकूल असा पुरावा त्याच्याच छत्राखाली निर्वेधपणे अभ्यासला जावा, ही आपल्याकडे सहसा न आढळणारी गोष्ट आहे. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे पुण्यात निधन झाले. त्यांचा सिद्धांत मागे पडला. पण विरोधी पुराव्याला घरात जागा देण्याची त्यांची वृत्ती मागे पडू नये.

६

‘ई’ प्रकार सापडल्यानंतर सर्वांची दृष्टी ‘बी’ प्रकाराकडे लागली. दक्षिण ध्रुवावरच ‘बायसेप-२’ नावाची दुर्बीण बसविण्यात आली. तिच्या चार नेत्यांपैकी एक होते तेच जॉन कोव्हॅक. ५१२ अतिशीत संवेदकांनी तिने २०१० ते २०१२ अशी तीन वर्षे आकाशाच्या सुमारे ३८० चौरस अंशांच्या एका भागाचा वेध घेतला. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर असलेला हा भाग स्वच्छ समजला जात होता. १७ मार्च २०१४ रोजी हार्वर्ड येथे पत्रकारांना बोलावून घोषणा करण्यात आली, की आद्य गुरुत्वीय तरंगांचा वावटळीसारखा ठसा सापडला आहे. गुरुत्वीय तरंगांचे द्रव्याच्या उंचसखलपणाशी असलेले प्रमाण ०.२० सांगण्यात आले. सहकारी चाओ-लिन कुओ ही वार्ता घेऊन स्फीतीच्या सिद्धांताचे एक जनक आन्द्रेई लिंडे ह्यांच्या दारी गेले, त्याचे चलच्चित्र जगभर पाहिले गेले. दार उघडणाऱ्या वृद्ध शास्त्रज्ञाच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यात दिसतो. पण त्याच चित्रात लिंडे ह्यांनी एक शंकाही बोलून दाखविली आहे. ही आपली फसगत तर नसेल, केवळ सुंदर आहे म्हणून तर आपण ह्यावर विश्वास ठेवीत नाही, असा तिचा आशय होता.

शंका खरी ठरली. ‘बायसेप-२’ ने आकाश केवळ १५० गिगाहर्ट्झ ह्या एकाच कंप्रतेवर पाहिले होते. एकाच रंगाच्या काचेतून पाहणाऱ्यास समोरच्या वस्तूचा खरा रंग कळत नाही, तशी ही गत होती. आकाशगंगेतील धुळीचे कण ताऱ्यांच्या प्रकाशाने शून्याच्या वर जेमतेम २० अंश तापतात आणि स्वतःच सूक्ष्मतरंग सोडतात. चुंबकीय क्षेत्राने ते एका धोरणात उभे असल्यामुळे हे तरंग ध्रुवित असतात आणि त्यांत ‘बी’ आकृतीही असते. कंप्रता वाढली की धुळीचे तेज वाढते; आद्य प्रारणाचे तसे नसते. दोहोंना वेगळे करण्याचा हाच मार्ग होता आणि त्यासाठी उच्च कंप्रतेवरची मापने हवी होती. ती त्या वेळी ‘प्लांक’ उपग्रहाच्या संशोधकांपाशी होती व प्रसिद्ध झालेली नव्हती. ‘बायसेप’च्या लोकांनी धुळीचा अंदाज अनेक प्रकारे बांधला. त्यांपैकी एकात एका परिषदेतील व्याख्यानात दाखविलेल्या ‘प्लांक’च्या अपुऱ्या नकाशाचा आधार घेतला होता, तर इतर काहींत धुळीचे ध्रुवण पाच टक्क्यांच्या आसपास धरले होते. ह्या सर्व अंदाजांत धूळ नगण्य ठरत होती.

काही आठवड्यांतच रफाएल फ्लाउगर, डेव्हिड स्पर्गेल प्रभृतींनी हिशेब पुन्हा मांडून दाखविला आणि धूळ वजा करता पुढे काही उरेलच अशी खात्री देता येत नाही, असे सांगितले. जूनमध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मूळ प्रबंध छापून आला तेव्हा त्याची भाषा मवाळ झालेली होती. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘प्लांक’ने आपले ३५३ गिगाहर्ट्झवरचे नकाशे पुढे ठेवले. आकाशाच्या काही भागांत धुळीचे ध्रुवण २० टक्क्यांपर्यंत जाते आणि ‘बायसेप’च्या त्या स्वच्छ समजलेल्या भागातही ते इतके आहे, की सापडलेल्या खुणेचा मोठा भाग किंवा ती सगळीच धुळीची असू शकेल, हे त्यांतून स्पष्ट झाले. शेवटी दोन्ही पक्षांनी आपली मापने एकत्र केली आणि जानेवारी २०१५ च्या अखेरीस संयुक्त निष्कर्ष जाहीर झाला. धूळ वजा केल्यावर आद्य तरंगांचा निश्चयात्मक पुरावा उरत नव्हता. ते प्रमाण ०.१२ हून कमी असले पाहिजे, एवढेच म्हणता येत होते.

ह्या प्रकरणाचा निवाडा करताना दोन गोष्टींचा घोळ होऊ देता कामा नये. ‘बायसेप-२’ ने जे मोजले ते अचूक होते. आकाशात ‘बी’ आकृती होती आणि ती त्यांनी इतरांच्या आधी त्या ठिकाणी पाहिली. चुकला तो अर्थ. दुसरे असे, की मोजमाप हार्वर्डच्या सभागृहात घाईने मांडले गेले, तरी ते खोडून काढणाऱ्या कागदावर त्याच संशोधकांनी प्रतिस्पर्ध्यांच्या बरोबर आपली नावे घातली. १९४९ साली हिल्टनर व हॉल ह्यांनी धूळ आधीच ओळखली म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली नाही. ग्रहण नसतानाही ध्रुवण आहे काय, असे विचारण्याचे व्यवधान त्यांनी राखले होते. २०१४ साली तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारावयास हवा होता: दुसऱ्या कंप्रतेवर ही खूण कशी दिसते? उत्तर मिळण्याआधी निष्कर्ष जाहीर झाला. ६५ वर्षांच्या अंतराने तीच धूळ, तेच ध्रुवण आणि तोच मोह. फरक पडला तो केवळ थांबण्यात.

अशा गोष्टी अन्यत्रही घडल्या आहेत. पहिले तारे पेटल्यावर विश्वातील इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळे झाले आणि त्यांनी पार्श्वप्रारणाला दुसऱ्यांदा थोडे ध्रुवण दिले. त्याच्या मापावरून ‘डब्ल्यूमॅप’ने २००३ साली अनुमान केले की विश्व सुमारे २० कोटी वर्षांचे असताना पहिले तारे उजळले, ह्या ध्रुवणाचा निदर्शक अंक तेव्हा ०.१७ होता. आकाशगंगेचे प्रारण अधिक काळजीने वजा केल्यावर तो २००६ साली ०.०९ झाला आणि ‘प्लांक’च्या २०१८ मधील निष्कर्षात ०.०५४ वर आला. तारकांच्या उदयाची वेळ त्याप्रमाणे पुढे सरकली. अंगण झाडावे तसतसे दूरचे दृश्य बदलत जाते, त्याचा हा नमुना होय.

७

त्यानंतरच्या काळात शोध थांबलेला नाही. दक्षिण ध्रुवावरील त्याच गटाने दुर्बिणी वाढविल्या, अनेक कंप्रता घेतल्या आणि २०२१ मध्ये गुरुत्वीय तरंगांच्या प्रमाणाची मर्यादा ०.०३६ पर्यंत खाली आणली. स्फीतीची जी सोपी व लोकप्रिय रूपे होती त्यांपैकी काही त्यामुळे बाद झाली. नकाराचे हे कार्य घोषणेइतके गाजले नाही; पण ज्ञानाच्या दृष्टीने ते घोषणेहून मोलाचे आहे. चिलीतील अटाकामाच्या वाळवंटात ५,००० मीटरांहून अधिक उंचीवर ‘सायमन्स’ वेधशाळा ह्याच कामासाठी उभी राहिली आहे. जपानने ‘लाइटबर्ड’ उपग्रहाची योजना आखली आहे. भारतीय संशोधकांनीही ‘सीएमबी-भारत’ नावाच्या उपग्रहाचा प्रस्ताव आपल्या अंतराळ संस्थेपुढे ठेवला होता. ह्या सर्व योजनांत कंप्रतांची संख्या मोठी आहे, कारण धुळीला तिच्या रंगावरून ओळखावयाचे असते, हे आता कोणास सांगावे लागत नाही.

धुळीची आणखी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करू. पार्श्वप्रारणाच्या ध्रुवणाची दिशा विश्वातून येताना किंचित वळली असेल काय, असा एक प्रश्न आहे. तसे आढळले तर डावे व उजवे ह्यांत भेद करणाऱ्या एखाद्या अज्ञात द्रव्याची ती चाहूल ठरेल. अडचण अशी, की दुर्बिणीतील संवेदक बसवितानाच थोडा तिरपा बसला असेल तरीही दिशा तितकीच वळलेली दिसते. यंत्राचा तिरपेपणा कोणता आणि विश्वाचे वळण कोणते, हे कसे ठरवावे? युतो मिनामी व एइइचिरो कोमात्सु ह्या जपानी संशोधकांनी ह्यावर जी युक्ती काढली ती २०२० साली फळास आली. आकाशगंगेतील धुळीचा प्रकाश आपल्या अंगणातलाच. त्याला लांबचा प्रवास नाही, म्हणून तो वळलेला असणार नाही. त्यात जो तिरपेपणा दिसेल तो यंत्राचा आणि दूरच्या प्रकाशात त्याहून अधिक जो दिसेल तो विश्वाचा. ‘प्लांक’च्या नकाशांवरून त्यांनी जे वळण काढले ते ०.३५ अंशाचे होते आणि त्यातील अनिश्चितता ०.१४ अंशाची. एवढ्यावर शोध लागला असे म्हणता येत नाही, आणि त्यांनी तसे म्हटलेलेही नाही.

चंद्रशेखर व फेर्मी ह्यांनी १९५३ साली धुळीची मोजपट्टी केली होती; मिनामी व कोमात्सु ह्यांनी तिची गुण्या केली, म्हणजे गवंडी ज्यावर काटकोन ताडून पाहतो ते साधन. दोन्ही वेळा धूळ उपयोगी पडली ती तिला आधी धूळ म्हणून ओळखल्यानंतर. आद्य गुरुत्वीय तरंगांचा ठसा अजून सापडलेला नाही. तो आहे किंवा नाही, हेही आज कोणी सांगू शकत नाही. उद्या कोणी तो सापडल्याचे जाहीर केले, तर वाचकांनी आनंद मानण्याआधी एवढेच विचारावे: ही खूण किती कंप्रतांवर पाहिली आहे आणि त्यातून अंगणातील धूळ कोणी वजा केली आहे?